इथं राहायची चेष्टा

"आप किसके पेरेंट हैं?"

"जी… किसी का भी नहीं."

पाळणाघरासमोर बसलेल्या अनोळखी पुरुषानं द्यावं, असं याहून वाईट उत्तर मला तरी सुचत नाही.

मे संपत आला होता. आयटी पार्कमधलं ऑफिस सुटल्यावर मी नेहमीसारखी धावतपळत ढिल्लों आंटींच्या घराशी आले होते. आंटी कोपऱ्यावरच्या आपल्या घरात पाळणाघर चालवतात. माझी जाई दुसरीत आहे, आणि शाळेला सुट्टी लागली की दिवसभर तिथंच असते. आंटींचा एक कडक नियम आहे — वेळेआधी गेटपाशी कुणी यायचं नाही. एकाची आई दिसली की बाकीची पोरं भोकाड पसरतात. म्हणून आम्ही सगळे आईबाप रस्त्यापलीकडच्या फूटपाथवर ताटकळतो. तिथं एक बहावा आहे. इकडे उत्तरेत त्याला अमलतास म्हणतात. त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले, तर त्या बहाव्याखाली हा. उलट्या क्रेटवर बसलेला, डोक्यावर टोपी, मांडीवर फळी, हातात पेन्सिल. फळीवरच्या कागदावर आंटींचं गेट — कडीकोयंड्यासकट.

मी फोन काढला आणि सरळ त्याचा फोटो घेतला.

"ये फोटो अभी आंटी को जा रही है," मी म्हटलं. मग स्वतःशीच, दात खात, "मेल्याला लाज नाही, पोरांच्या दारात बसून…"

तो उठून उभा राहिला. टोपी काढली. कपाळावर टोपीचा लाल वळ उमटला होता.

"मी मेलो नाही अजून," तो मराठीत म्हणाला. "आणि लाज… आहे. थोडा."

"थोडी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"थोडी," तो आज्ञाधारकपणे म्हणाला. "थोडी लाज आहे."

मी हसले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तो कायम म्हणायचा की मी हसले होते.

त्याचं नाव शार्दूल. वडील सैन्यात होते, निवृत्त होऊन पंचकुल्यात राहिलेले. हा कॅनडातल्या एका विद्यापीठात आर्किटेक्चर शिकत होता, पदव्युत्तरचं शेवटचं वर्ष. उन्हाळाभर इथं राहून एक प्रोजेक्ट करायचं होतं. विषय काय, तर वाट बघणं.

"हॉस्पिटल डिझाइन करतात, शाळा डिझाइन करतात," तो म्हणाला. "बाहेर लोक उभे राहतात, त्या जागेचा विचार कोणी नाही करत. मी तो करतो."

"ओळखपत्र दाखवा."

त्यानं दाखवलं. मी त्याचाही फोटो घेतला. संध्याकाळी जाईला जेवायला वाढता वाढता मी त्या विद्यापीठाची वेबसाइट उघडून विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचं नाव शोधलं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. घरी आलं म्हणून ते यंत्र बंद होत नाही.

"परत कधी जाणार?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

"जुलैच्या शेवटी. तिकीट आहे."

ऐकून मला बरं वाटलं. जाणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलायला काय हरकत आहे?

हरकत होती. ती रोज संध्याकाळी गेटमधून उड्या मारत बाहेर यायची.

जाईचा बाबा दोन वर्षांपूर्वी महिनाभराच्या कामाला म्हणून बंगळुरूला गेला. महिन्यानं तो आला नाही, वकिलाचे कागद आले. ते सगळं मी निभावलं. निभावलं गेलं नाही ते एकच — मोहालीतल्या आमच्या बाल्कनीत जाई शनिवारी बसून राहायची, आणि सोसायटीच्या गेटातून टॅक्सी आत आली की म्हणायची, "पापा." दर टॅक्सीला. मग एका शनिवारी टॅक्सी आली आणि ती काहीच म्हणाली नाही. त्या दिवशी मी ठरवून टाकलं होतं. माझं काय व्हायचं ते होवो, पण या मुलीला लळा लावून निघून जाणारा माणूस पुन्हा घरात येणार नाही.

आणि हा तर तिकीट घेऊनच आलेला.

पण जाईला कोण सांगणार? आठवड्याभरात ती त्याच्या मोजमापाच्या टेपचं दुसरं टोक धरून फूटपाथवर पळत होती. "मम्मा, अंकल कहते हैं मैं असिस्टेंट हूँ." माझी मुलगी मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदीत. शार्दूलचं उलट. त्याला हिंदी पाण्यासारखी यायची, पण माझ्याशी तो हट्टानं मराठीतच बोलायचा.

"माझी मराठी आईबरोबर होती," तो एकदा म्हणाला. "ती गेली. मग बाबा आणि मी… हिंदीत जेवतो, इंग्लिशमध्ये भांडतो."

"आणि माझ्याशी?"

"तुमच्याशी भांडायचा विचार नाही."

मी गेटकडे बघत राहिले. माझे कान तापले होते, ते उन्हामुळे असणार.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही कधी बसत का नाही? सगळे बसतात. त्या कट्ट्यावर शर्माजी तर झोपतात पण."

"मी शर्माजी नाही."

"ते दिसतं. शर्माजींना मी इतका वेळ बघत नाही."

"हे बघणं प्रोजेक्टसाठी आहे?"

त्यानं पेन्सिलीचं टोक निरखलं. "पहिल्या आठवड्यात होतं."

मग त्यानं मला कागद दाखवला. मी का बसत नाही, हे मलाही नीट माहीत नव्हतं. ते त्यानं तिथं काढलं होतं. रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या असतात. कट्ट्यावर बसलं की डोळ्यांसमोर गाड्यांची दारं येतात आणि पलीकडचं गेट दिसेनासं होतं. उभं राहिलं तरच दिसतं. म्हणून त्यानं बसायची जागाच उचलून वर घेतली होती — उंच जोतं, त्यावर पाठीला विटांची जाळी, जाळीतून वारा, आणि बसलेल्या बाईच्या डोळ्यांपासून थेट गेटपर्यंत एक बारीक तुटक रेघ.

"याला आमच्या कऱ्हाडकडे ओटा म्हणतात," मी म्हटलं.

"ओटा," तो म्हणाला. चव घेतल्यासारखा. "मग हेच नाव."

जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी आकाश एकदम मातकट पिवळं झालं. इकडे पावसाच्या आधी आंधी येते — धुळीचं वादळ, दोन मिनिटांत समोरचं घर दिसेनासं होतं. मी गाडी लावून उतरले आणि रस्त्याच्या मधोमध सापडले. डोळ्यांत माती, ओढणी तोंडावर. कुणीतरी मनगट धरून ओढलं. शेजारच्या बांधकामाच्या विटांच्या थप्पीआड आम्ही उभे होतो, आणि शार्दूलनं आपली फळी माझ्या डोक्यावर धरली होती. वारा शिट्ट्या घालत होता. दातांखाली रेती करकरत होती. त्यानं मनगट सोडलं नव्हतं… मीही सोडवून घेतलं नव्हतं.

वारा जरा ओसरल्यावर त्यानं माझा चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत लावला. एक काडी कानावर बसलीच नाही.

"आता दिसतं?"

"काय?"

"गेट."

मी दचकून वळले. गेट बंद होतं, पोरं आत सुरक्षित होती, खिडकीतून आंटी हात हलवत होत्या. पण त्या सगळ्या वेळात मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं. असं माझं जाई जन्मल्यापासून झालं नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"ऋजुता," तो पहिल्यांदा नावानं म्हणाला. "समजा… मी गेलो नाही. एक वर्ष इथंच राहिलो. तर?"

"तिकीट आहे ना तुमचं."

"तिकीट रद्द होतं."

मी चष्म्याची निसटलेली काडी नीट बसवली आणि गेटकडे निघाले. पण त्या आठवड्यात जाई त्याच्याबरोबर कोपऱ्यावर लिंबाची शिकंजी प्यायला गेली, तेव्हा मी 'नको' म्हटलं नाही. नुसती मागोमाग गेले.

मग तो सोमवार. ऑफिसात डबा खाता खाता मी सहज त्या विद्यापीठाचं पान उघडलं. दर उन्हाळ्यात तिथं विद्यार्थ्यांच्या डिझाइन प्रोजेक्टांना पुरस्कार देतात. त्याचं प्रोजेक्ट अंतिम फेरीत आहे, एवढं त्यानं मला सांगितलं होतं. कौतुकानं बघायला गेले. सगळ्यात वरच त्याचं चित्र होतं — ओटा, जाळी, बहाव्याची पिवळी सावली. आणि तिथं मी होते.

पाठमोरी. ओढणी डाव्या खांद्यावरून, माझी असते तशी. एक पाय पुढे, कधीही पळायच्या तयारीत. शेजारी जाई, पाठीवर दप्तर, दप्तराचा तुटलेला पट्टा गाठ मारून बांधलेला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं — 'न बसणारी आई'.

पोळीचा घास तोंडात तसाच राहिला. जगातलं कुणीही हे उघडून बघू शकत होतं. माझी भीती, माझी मुलगी… आणि मी समजत होते, तो मला बघतोय.

संध्याकाळी बाकीचे पालक पोरांना घेऊन निघेपर्यंत मी जाईला आतच ठेवून थांबले. मग फोन त्याच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग उतरला. "नाव नाही टाकलं. चेहरा पण नाही…"

"दप्तराचा पट्टा आहे. नाव कशाला हवं?"

"ड्रॉइंगमध्ये माणूस टाकावाच लागतो. जागा किती उंच आहे ते कळायला. सगळे इंटरनेटवरून उचलतात — ओव्हरकोट घातलेले गोरे लोक. मी बसलो टाकायला, पण…" तो थांबला. "दुसरं कुणी काढताच येत नव्हतं मला. विचारायला पाहिजे होतं. चूक झाली. माझा चूक."

त्या क्षणी तो गप्प राहिला असता तर मी विरघळले असते. पण मला एकच प्रश्न पोखरत होता.

"आणि इथं वर्षभर राहीन म्हणालात, ते? तेही या चित्रासाठीच?"

"नाही. ते…" तो शब्द शोधू लागला. जिभेवर आलेला हिंदी शब्द बाजूला सारून मराठी शब्द हुडकायची त्याची सवय मला आता पाठ झाली होती. ओठ हलायचे, भुवया आक्रसायच्या. मग सापडल्यासारखा तो म्हणाला, "ती माझी चेष्टा होती. खरं सांगतो. पहिल्या दिवसापासून मी इथं राहायची चेष्टा करतोय."

हे तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. डोळे ओले होते त्याचे. एखादा इतक्या शांतपणे असं कबूल करू शकतो?

"तुमच्या चेष्टेत माझी मुलगी नको," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "त्या चित्रातून आम्हाला काढून टाका. आणि जाईशी बोलू नका."

"ऋजुता, ऐका तरी —"

"काढून टाका."

"काढतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वेळेला तो तिथं नसायचा. पानावरचं चित्र बदललं होतं. ओटा, जाळी, सावली… आणि कुणीच नाही. मला हवं होतं तसंच झालं होतं. मग मी ते पान पुन्हा पुन्हा का उघडत होते?

जाई पहिले दोन दिवस टेप शोधत होती. शनिवारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले, तर ती कठड्याला गाल टेकून खाली बघत बसलेली.

"मम्मा," ती न वळता म्हणाली, "अंकल भी बैंगलोर गए?"

माझ्या हातातला ओला फ्रॉक खाली पडला. ज्याला मी इतकी भीत होते, ते झालंच होतं. आणि या वेळी पाठवणारी मी होते.

पुढच्या शुक्रवारी मी घरून काम करत होते. माझ्या मीटिंग संपल्या तेव्हा जाई जेवणाच्या टेबलावर सुट्टीचा अभ्यास पसरून बसली होती.

"मम्मा, 'प्रयत्न' के तीन पर्यायवाची चाहिए."

"प्रयास," मी लॅपटॉप मिटता मिटता म्हटलं. "कोशिश…"

"तीसरा मुझे आता है. चेष्टा."

"चेष्टा म्हणजे थट्टा, जाई. मस्करी."

"वो आपकी मराठी में होगा," जाई शांतपणे लिहीत म्हणाली. "मैम ने वाक्य भी लिखवाया है. राम ने ताला खोलने की बहुत चेष्टा की."

मी तिच्या वहीकडे बघत राहिले. हिंदी मला येते, पण ती ऑफिसची, भाजीवाल्याची, गॅस एजन्सीची. तिथं सगळे कोशिश करतात; चेष्टा कुणी करत नाही. ती पुस्तकात असते. आणि त्यानं माझ्यासाठी कोशिश हा शब्द टाकून दिला होता… हिंदी वाटतो म्हणून. मराठीला शोभेल असा, जड, चांगला शब्द शोधला होता.

पहिल्या दिवसापासून मी इथं राहायची चेष्टा करतोय.

मी त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग आंटींना केला.

"वो तो यहीं बैठा है, पुत्तर," आंटी म्हणाल्या. "सड़क पे, अपना कंप्यूटर लेके. आज उसका कनाडा वालों के साथ इम्तिहान है न. जीत गया तो वो लोग साल भर का ख़र्चा देंगे, यहीं रहके ये ओटा-शोटा सच में बनाएगा. तुझे नहीं बताया?"

"नाही… नहीं, आंटी."

"मैंने कहा था, बता दे. कहता है, बताऊँगा तो उसे लगेगा तस्वीर की इजाज़त लेने के लिए बोल रहा हूँ. मुंडा पागल है."

जाईला चप्पल घालायलाही मी वेळ दिला नाही. ती हातात घेऊन गाडीत बसली. मोहालीहून आयटी पार्क म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक, त्यात संध्याकाळची गर्दी. प्रत्येक गोल चक्करला गाड्या तुंबलेल्या. आणि माझं मन त्याहून वाईट. प्रयत्न म्हणजे राहणं नव्हे, ते म्हणत होतं. उद्या हरला तर? जिंकून वर्षभर राहिला आणि मग गेला तर? जाई तेव्हा आणखी मोठी असेल, आणखी लळा लागलेला असेल. अजून वळता येईल, ऋजुता. हाउसिंग बोर्डाच्या लाइट पॉइंटला सिग्नल लाल झाला, आणि मी खरंच उजवीकडचा इंडिकेटर लावला. परत फिरायचा.

"मम्मा, आंटी का घर तो सीधा है," मागून जाई म्हणाली.

हिरवा झाल्यावर मी सरळ गेले.

बहाव्याखाली त्यानं ओटा रचला होता. खराखुरा, पूर्ण मापाचा — शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेल्या कोरड्या विटांचा. समोर स्टुलावर लॅपटॉप, पडद्यावर चार चेहरे. त्याची पाठ माझ्याकडे होती. पांढऱ्या केसांच्या एक परीक्षक बाई इंग्रजीत बोलत होत्या.

"विचार सुंदर आहे. पण तुमच्या नव्या चित्रांत कुणीच नाही. आधी होतं. ही जागा कुणासाठी आहे, ते आम्हाला कसं कळणार?"



"माफ करा," शार्दूल म्हणाला. "ते मला दाखवता येणार नाही. मी तसा शब्द दिलाय."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. शेजारचा परीक्षक घड्याळाकडे बघू लागला. शार्दूलची मान खाली गेली, आणि माझी अजूनही हिंमत होत नव्हती. मग मी जाईचा हात धरला, पुढे झाले आणि त्या विटांवर चढून बसले.

तो वळला.

"एक मिनिट," मी परीक्षकांना इंग्रजीत म्हटलं. "इथून गेट दिसतं. गाड्यांच्या वरून, स्पष्ट. पण कडी दिसत नाही. ती नेमकी गाडीच्या टपाआड जाते. गेट लोटलेलं आहे की कडी लावलेली आहे, हे आईला कळायला हवं. विटांचा आणखी एक थर लागेल."

"आपण कोण?" पांढऱ्या केसांच्या बाई पुढे झुकल्या.

"मी इथं रोज वाट बघते. त्या चित्रात होते ती मीच. आम्हाला न विचारता काढलं होतं, म्हणून मी काढून टाकायला लावलं. ते बरोबरच होतं. पण ही जागा त्यानं नुसत्या कल्पनेनं केलेली नाही, एवढं तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय."

बाई पहिल्यांदा हसल्या. "कडीचा मुद्दा आमच्या कुणाच्या लक्षात आला नव्हता," त्या म्हणाल्या. परीक्षक आपसांत बोलायला गेले आणि पडदा काळा झाला.

रस्त्यावरून एक स्कूटर गेली. जाई ओट्याच्या टोकाला पाय हलवत बसली होती.

"तुम्ही… कशा आलात?"

"चेष्टा म्हणजे काय, शार्दूल?"

"प्रयत्न," तो बावचळून म्हणाला. "नाही का?"

"हिंदीत. मराठीत थट्टा."

त्याच्या भुवया आक्रसल्या. ओठ हलले. तो मनात ते वाक्य पुन्हा म्हणून बघत होता, शब्द शब्द करून. मग तो मटकन फूटपाथवरच बसला.

"म्हणजे मी तुम्हाला सांगितलं की…"

"की पहिल्या दिवसापासून तुम्ही माझी मस्करी करताय."

"डोळ्यांत बघून सांगितलं मी ते."

"हो ना. म्हणून तर."

"कोशिश म्हणायला काय झालं होतं मला," तो डोकं धरून म्हणाला. "तुमच्याशी चांगली मराठी बोलायची होती. शुद्धवाली."

आता मात्र मी हसले. आणि हसता हसताच घाबरले, कारण पडद्यावर पांढरा ठिपका फिरायला लागला होता; परीक्षक परत येत होते. नंतर बोलले तर ते निकालाला धरून होईल. जिंकला म्हणून, किंवा कीव आली म्हणून.

"ऐक," मी म्हटलं. "आत्ताच ऐक. मला तू आवडतोस. राहिलास तरी, आणि… नाही राहिलास तरी. मला खूप भीती वाटते, ती काही जाणार नाही. पण आवडतोस."

त्यानं डोकं वर केलं. "'तू' म्हणालात."

"म्हणाले."

"परत म्हणा."

"पडद्याकडे बघ तू."

चार चेहरे परतले होते. पहिला पुरस्कार समुद्रकाठच्या एका गावातल्या मच्छीमारांच्या धक्क्याला गेला. शार्दूलचं प्रोजेक्ट दुसरं आलं. बाईंनी खूप कौतुक केलं, कडीचा उल्लेख केला. वर्षभराचा खर्च फक्त पहिल्याला होता. शार्दूलनं आभार मानले, नीट, न अडखळता, आणि लॅपटॉप मिटला.

बहाव्याच्या पाकळ्या लॅपटॉपवर पडत होत्या. माझी ती जुनी, ओळखीची भीती परत आली. पण मघाशी बोललेलं परत घ्यावंसं मात्र वाटत नव्हतं. मी ते दोनदा तपासून बघितलं.

"अंकल, हार गए?" जाईनं विचारलं.

"सेकंड आया."

"तो आप जाओगे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एरवी मीच मध्ये पडून काहीतरी गोड, खोटं बोलले असते. या वेळी मी गप्प राहिले.

"जाऊँगा," तो तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला. "जुलाई में. पढ़ाई ख़त्म करके वापस आऊँगा."

"पक्का?"

त्यानं तोंड उघडलं, तशी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पक्कं कुणालाच माहीत नसतं, जाई," मी म्हटलं. "तो येईन म्हणतोय. मी विश्वास ठेवायचं ठरवलंय. तू तुझं ठरव."

जाईनं विचार केला. अगदी माझ्यासारखी, कपाळाला आठी घालून.

"फ़ोन करोगे? वीडियो वाला?"

"हर शनिवार —"

"हर मत बोलो," जाई म्हणाली. "जिस दिन बोलोगे, उस दिन करना."

"ठीक है," तो म्हणाला. "जिस दिन बोलूँगा, उस दिन."

जाईनं मान हलवली, ओट्यावरून उडी मारली आणि आंटींना सांगायला रस्त्यापलीकडे निघाली. मी उठून उभी राहणार होते. पण डावी-उजवीकडे बघून तिनंच रस्ता ओलांडला, गेट लोटलं, आत गेली. शार्दूल माझ्या शेजारी बसला नाही. तो थप्पीकडे गेला आणि हातात दोन विटा घेऊन आला.

"हे काय?"

"आणखी एक थर म्हणालीस ना."

"अरे, पण उद्या सगळ्या विटा परत द्यायच्यात."

"उद्या," तो म्हणाला. "आत्ता ऊठ जरा."

अजून बराच उजेड होता. मी ओढणी कमरेला खोचली आणि दुसऱ्या टोकापासून विटा लावायला घेतल्या.